स्वायत्तता कायद्यात, किल्ल्या मंत्रालयात

विद्यापीठांची चर्चा आपल्याकडे साधारणपणे दोन प्रसंगी होते. परीक्षांचे निकाल लांबले म्हणजे एकदा आणि कुलगुरूंच्या नेमणुकीवरून वाद माजला म्हणजे दुसऱ्यांदा. निकाल लागतात, नेमणूक होते आणि चर्चा थांबते. २०२५ साली यात तिसऱ्या प्रसंगाची भर पडली. राष्ट्रीय क्रमवारीत सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठ सर्वसाधारण गटात ३७ व्या स्थानावरून ९१ व्या स्थानावर घसरले आणि अनेकांना धक्का बसला. वस्तुतः धक्का बसण्याजोगे त्यात काही नव्हते. ज्या संस्थेत नियमित शिक्षकांच्या जागा वर्षानुवर्षे रिकाम्या राहतात ती संस्था शिक्षक-विद्यार्थी प्रमाण मोजणाऱ्या कसोटीत मागे पडणार, हे सांगायला तज्ज्ञ समितीची आवश्यकता नाही.

निकालांचा गोंधळ, नेमणुकांचा वाद आणि क्रमवारीतील घसरण यांकडे आपण तीन निरनिराळ्या दुखण्यांप्रमाणे पाहतो आणि प्रत्येकावर वेगळा लेप लावतो. ही सारी एकाच दुखण्याची लक्षणे आहेत, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे. विद्यापीठाला पैसा कोठून मिळतो, तो कोणत्या अटींवर मिळतो आणि त्याच्या खर्चाचा अंतिम निर्णय कोण करतो, या तीन प्रश्नांची उत्तरे शोधली म्हणजे उरलेल्या बहुतेक गोष्टींचा उलगडा होतो. कायद्याच्या पुस्तकात विद्यापीठे स्वायत्त आहेत. पण ज्याच्या हाती तिजोरीची आणि पदमंजुरीची किल्ली असते, स्वायत्तताही अखेर त्याच्याच हाती असते.

परीक्षा घेणारी संस्था

१८५७ साली मुंबई विद्यापीठ स्थापन झाले ते लंडन विद्यापीठाच्या धर्तीवर. शिकवायचे महाविद्यालयांनी आणि परीक्षा घेऊन पदव्या द्यायच्या विद्यापीठाने, अशी ती विभागणी होती. १९०४ च्या कायद्याने विद्यापीठांना अध्यापनाचे दार उघडले. मुंबईत १९१९ साली समाजशास्त्राचा विभाग आणि १९३३ साली रासायनिक तंत्रज्ञानाचा विभाग उभा राहिला. स्वातंत्र्यानंतर पुणे, मराठवाडा आणि शिवाजी ही विद्यापीठे निघाली, तेव्हा त्या त्या प्रदेशाच्या ज्ञानजीवनाचे ती केंद्र होतील अशी अपेक्षा होती. पुण्याचे कुलगुरूपद मुकुंदराव जयकरांनी आणि पुढे धनंजयराव गाडगीळांनी भूषविले, यावरून त्या पदाकडे समाज कोणत्या दृष्टीने पाहत होता याची कल्पना येते. तथापि मूळचा सांगाडा बदलला नाही. आजही आपली मोठी विद्यापीठे प्रामुख्याने संलग्नता देणारी आणि परीक्षा घेणारी कार्यालये आहेत.

याचे आर्थिक परिणाम काय होतात ते पाहण्यासारखे आहे. विद्यापीठाचे स्वतःचे असे जे उत्पन्न असते त्याचा फार मोठा भाग परीक्षा शुल्क, संलग्नता शुल्क, पात्रता शुल्क, गुणपत्रिका व पदवी प्रमाणपत्रे यांतून येतो. शासनाकडून जे येते ते बहुतांशी मंजूर पदांच्या वेतनापुरते असते. वीज, पाणी, इमारतींची दुरुस्ती, ग्रंथालय, प्रयोगशाळा, तात्पुरते कर्मचारी, न्यायालयीन खर्च, हे सारे विद्यापीठाने आपल्या पदरचे भागवायचे. म्हणजेच, नवे महाविद्यालय संलग्न झाले की उत्पन्न वाढते. विद्यार्थी वाढले की उत्पन्न वाढते. पदव्युत्तर विभाग नीट चालवला की मात्र खर्च वाढतो. अशा रचनेत एखादे विद्यापीठ महाविद्यालयांची संख्या वाढवण्यात उत्साही आणि संशोधनाच्या बाबतीत उदासीन राहिले, तर त्याला केवळ कुलगुरूंची वृत्ती जबाबदार धरता येणार नाही. अर्थशास्त्राच्या पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यालाही हे कळते की, ज्या कामाला मोबदला मिळतो ते काम वाढते.

हा भार किती झाला होता याचे प्रत्यंतर २०१७ मध्ये आले. मुंबई विद्यापीठाने सुमारे १७ लाख उत्तरपत्रिका पुरेशा पूर्वतयारीविना संगणकाच्या पडद्यावर तपासण्याचा घाट घातला. निकाल महिनोन्‌महिने रखडले, पुढील शिक्षणाचे प्रवेश हुकले आणि अखेर ऑक्टोबर २०१७ मध्ये कुलपतींनी कुलगुरूंना पदावरून दूर केले. एका व्यक्तीला शासन झाले; व्यवस्था होती तशीच राहिली. सत्र पद्धतीमुळे परीक्षांची संख्या दुप्पट झालेली, महाविद्यालयांची संख्या शेकड्यांत गेलेली आणि परीक्षा विभागात कायम कर्मचारी कमी, ही परिस्थिती असताना पुढच्या कुलगुरूंकडून कोणत्या चमत्काराची अपेक्षा करायची?

याच काळात उलट दिशेनेही एक प्रवाह सुरू आहे. ज्या संस्था बलवान आहेत त्या विद्यापीठाच्या छत्राखालून एकेक करून बाहेर पडत आहेत. रासायनिक तंत्रज्ञानाचा नामांकित विभाग २००८ साली अभिमत विद्यापीठाचा दर्जा घेऊन मुंबई विद्यापीठापासून वेगळा झाला. २०१९ साली एल्फिन्स्टन, सिडनॅहम, विज्ञान संस्था आणि माध्यमिक प्रशिक्षण महाविद्यालय यांचे मिळून डॉ. होमी भाभा राज्य विद्यापीठ झाले. नावाजलेल्या अनेक महाविद्यालयांनी स्वायत्तता घेतली आहे आणि ती आपल्या परीक्षा आपण घेतात. त्या त्या संस्थेच्या दृष्टीने हा निर्णय योग्यच आहे. २०२० चे राष्ट्रीय शैक्षणिक धोरणही पंधरा वर्षांत संलग्नतेची पद्धत टप्प्याटप्प्याने संपवावी असेच सांगते. परंतु मागे राहणाऱ्यांचे काय? मागे राहतात ती तालुक्याच्या ठिकाणची, दोन-तीनशे विद्यार्थ्यांची, ग्रंथालयाच्या नावाने चार कपाटे असलेली महाविद्यालये. त्यांना विद्यापीठाच्या आधाराची सर्वाधिक गरज असते आणि विद्यापीठाचे उत्पन्न मात्र घटत जाते. त्यातच २०२४ मध्ये केंद्र शासनाने स्पष्ट केले की, विद्यापीठे महाविद्यालयांकडून संलग्नतेसाठी जे शुल्क घेतात त्यावर १८ टक्के वस्तू व सेवा कर लागू होतो. ज्या उत्पन्नावर विद्यापीठाने जगावे असे शासन म्हणते, त्याच उत्पन्नावर कर बसवायचा, हा व्यवहार डाव्या हाताने देऊन उजव्या हाताने घेण्यासारखा आहे.

रिकाम्या खुर्च्यांची बचत

वेतनाचा भार शासन उचलते, ही गोष्ट खरी आहे आणि तिचे मोल कमी लेखण्याचे कारण नाही. अनुदानित महाविद्यालयांतील प्राध्यापक संस्थाचालकांच्या मर्जीवरून उठून वेतनाच्या बाबतीत सुरक्षित झाला तो या धोरणामुळेच. परंतु वेतन देणाऱ्याने पदही आपल्याच हाती ठेवले. पद मंजूर करायचे शासनाने, ते भरण्याची परवानगी द्यायची शासनाने आणि परवानगीसाठी वित्त विभागाची संमती आणायची ती वेगळीच. प्राध्यापक निवृत्त कधी होणार हे तो रुजू होतो त्याच दिवशी ठाऊक असते. तरीही त्याची जागा रिकामी झाल्यावर ती भरावी की नाही याचा विचार सुरू होतो आणि तो विचार काही वेळा दशकभर चालतो.

महाराष्ट्रात भरतीवर दीर्घकाळ निर्बंध होते. २०१८ मध्ये महाविद्यालयांतील ३ हजार ५८० सहायक प्राध्यापकांची पदे भरण्यास शासनाने मान्यता दिली, तेव्हा ती मोठी बातमी झाली. निवृत्तीमुळे रिकाम्या होणाऱ्या जागा भरणे हे ज्या व्यवस्थेत बातमीचा विषय होते, तिच्यात काहीतरी मुळातच बिघडले आहे. नीती आयोगाने राज्यांच्या सार्वजनिक विद्यापीठांविषयी फेब्रुवारी २०२५ मध्ये जो अहवाल प्रसिद्ध केला, त्यात देशभरातील अशा विद्यापीठांतील ४० टक्क्यांहून अधिक अध्यापकपदे रिकामी असल्याचे नमूद आहे. दर पाच खुर्च्यांपैकी दोन रिकाम्या, असा याचा अर्थ.

या रिकाम्या जागांवर वर्ग चालतात ते तासिका तत्त्वावर. नेट-सेट उत्तीर्ण, पुष्कळदा पीएच.डी. झालेला तरुण तासागणिक मानधनावर शिकवतो. सुट्टीत मानधन नाही, परीक्षेच्या काळात तास नाहीत, पुढील वर्षी नेमणूक होईल याची शाश्वती नाही. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या नियमावलीत कंत्राटी शिक्षकांचे प्रमाण एकूण पदांच्या १० टक्क्यांहून अधिक असू नये, असे म्हटले आहे. प्रत्यक्षात अनेक विभाग अशाच शिक्षकांच्या जिवावर उघडे राहतात. पस्तिशी-चाळिशी ओलांडली तरी हा शिक्षक ‘तासिकेवरचा’ राहतो. घर चालवण्यासाठी दोन-तीन महाविद्यालयांच्या एस.टी. पकडणाऱ्या माणसाने वाचन केव्हा करावे आणि संशोधन केव्हा?

रिकाम्या पदामुळे शासनाची बचत होते, असे हिशेबाच्या वहीत दिसते. ही बचत खोटी आहे, कारण तिचा खर्च दुसऱ्याच वहीत पडतो. २०२२ च्या पीएच.डी. नियमांनुसार सहायक प्राध्यापकाला चार, सहयोगी प्राध्यापकाला सहा व प्राध्यापकाला आठ संशोधक विद्यार्थ्यांचे मार्गदर्शन करता येते आणि मार्गदर्शक नियमित शिक्षकच असावा लागतो. तेव्हा सहायक प्राध्यापकाची एक जागा रिकामी राहिली की संशोधनाच्या चार जागा बुडाल्या. संशोधन घटले की मूल्यांकनाची श्रेणी खाली येते. श्रेणी खाली आली की केंद्राच्या स्पर्धात्मक अनुदानावरचा हक्क दुबळा होतो. अनुदान आटले की प्रयोगशाळा जुनाट होतात. प्रयोगशाळा जुनाट झाल्या की चांगले विद्यार्थी खासगी विद्यापीठांकडे वळतात. आणि विद्यार्थी घटले की कार्यभार नाही म्हणून पद मंजूर होत नाही. गुन्नार मिर्दाल यांनी दारिद्र्याच्या संदर्भात ज्या संचयी दुष्टचक्राचे विवेचन केले, त्याचे हे घरचे उदाहरण. यातील शेवटची पायरी विशेष लक्षात घ्यावी. जे पद न भरल्यामुळे विद्यार्थी गेले, तेच पद विद्यार्थी नाहीत म्हणून रद्द होते.

निकष दिल्लीचे, खर्च राज्यांचा

कोठारी आयोगाने १९६६ मध्ये राष्ट्रीय उत्पन्नाच्या ६ टक्के रक्कम शिक्षणावर खर्च व्हावी अशी शिफारस केली. त्या आयोगाचे सदस्य-सचिव जे. पी. नाईक यांचे महाराष्ट्राशी असलेले नाते सर्वश्रुत आहे. १९६८ पासूनच्या प्रत्येक राष्ट्रीय धोरणाने हा आकडा श्रद्धेने उच्चारला. २०२० च्या धोरणानेही तो उच्चारला आणि प्रत्यक्ष सार्वजनिक खर्च सुमारे ४.४ टक्के असल्याचेही त्याच दस्तऐवजात सांगून टाकले. अर्धशतक उलटल्यावर सहाचा आकडा आता ध्येय म्हणून उरलेला नाही. तो धोरणाच्या आरंभीच्या मंगलाचरणाचा भाग झाला आहे.

१९७६ च्या घटनादुरुस्तीने शिक्षण समवर्ती सूचीत गेले. उच्च शिक्षणाचे दर्जे ठरवण्याचा अधिकार तर आधीपासूनच केंद्राकडे होता. परिणामी शिक्षकाची पात्रता, वेतनश्रेणी, अभ्यासक्रमाची चौकट, मूल्यांकनाची पद्धत हे सारे दिल्लीत ठरते आणि त्याचा खर्च मुख्यतः राज्याच्या अंदाजपत्रकात पडतो. अनुदान आयोगाच्या पैशाचा मोठा वाटा केंद्रीय विद्यापीठांकडे जातो. पंचवार्षिक योजना होत्या तोवर राज्य विद्यापीठांना आयोगाकडून पाच वर्षांसाठी विकास अनुदान मिळे. रक्कम थोडी असे. पण ती किती आणि किती काळ मिळणार हे ठाऊक असे. २०१७ मध्ये बारावी योजना संपली आणि योजनांचे युगही संपले. त्याची जागा २०१३ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय उच्चतर शिक्षा अभियानाने आणि २०२३ पासून त्याच्या नव्या अवताराने, प्रधानमंत्री उच्चतर शिक्षा अभियानाने, घेतली.

या नव्या योजनेची तरतूद तीन वर्षांसाठी सुमारे १२ हजार ९०० कोटी रुपये होती. आकडा मोठा दिसतो. पण नीती आयोगाच्याच अहवालानुसार राज्यांच्या सार्वजनिक विद्यापीठांत आणि त्यांच्या संलग्न महाविद्यालयांत सव्वातीन कोटी विद्यार्थी शिकतात. देशातील एकूण विद्यार्थ्यांपैकी हे ८१ टक्के. भागाकार केला तर दर विद्यार्थ्यामागे वर्षाला तेराशे रुपयांच्या आसपास रक्कम येते, आणि तीही सगळी वेळेवर खर्च झाली असे धरून. शिवाय हा पैसा सर्वांना मिळत नाही. स्पर्धेतून निवडलेल्या थोड्या विद्यापीठांना शंभर कोटी आणि इतरांना त्याहून पुष्कळ कमी किंवा काहीच नाही, अशी त्याची वाटणी. स्पर्धेचे तत्त्व मला अमान्य नाही. परंतु एका धावपटूला बूट आणि दुसऱ्याला अनवाणी उभे करून लावलेल्या शर्यतीला स्पर्धा म्हणता येत नाही. १८५७ चे मुंबई विद्यापीठ आणि २०११ साली गडचिरोलीत स्थापन झालेले गोंडवाना विद्यापीठ यांना एकच फूटपट्टी लावली, तर निकाल आधीच लागलेला असतो.

कुलगुरू कोणाचे?

पैशाच्या प्रश्नाला जोडूनच सत्तेचा प्रश्न येतो. १९७४ च्या निरनिराळ्या विद्यापीठ कायद्यांची जागा १९९४ च्या समान कायद्याने घेतली आणि त्याची जागा २०१६ च्या महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ कायद्याने. प्रत्येक कायद्याच्या उद्देशिकेत स्वायत्ततेचा उच्चार आहे आणि प्रत्येक कायद्यानंतर अधिसभा व अभ्यास मंडळे यांतील निवडून येणाऱ्यांचा आवाज क्षीण झाल्याची तक्रार आहे. २०१६ च्या कायद्याने नामनियुक्त सदस्यांचे प्रमाण वाढवले. निवडणुकांच्या राजकारणाने विद्यापीठे नासली हे त्याचे समर्थन होते व त्यात तथ्यही होते. पण नामनियुक्तीत राजकारण नसते, ही समजूत फार भाबडी आहे. तेथे राजकारण असतेच. फक्त ते मतदारांपुढे येत नाही.

कुलगुरूंच्या नेमणुकीचा अधिकार कुलपती या नात्याने राज्यपालांकडे आहे. डिसेंबर २०२१ मध्ये तत्कालीन शासनाने विधिमंडळात विधेयक संमत करून घेतले. त्यानुसार उच्च शिक्षणमंत्री प्र-कुलपती होणार होते आणि निवड समितीची नावे शासनाच्या हातून गाळून मगच राज्यपालांकडे जाणार होती. २०२२ मध्ये सत्ताबदल झाला आणि नव्या शासनाने ते मागे घेतले. जानेवारी २०२५ मध्ये विद्यापीठ अनुदान आयोगाने नियमांचा मसुदा काढला. त्यात निवड समिती नेमण्याचा अधिकार कुलपतींकडे देण्याची आणि उद्योग व प्रशासनातील व्यक्तींनाही या पदाचे दार उघडण्याची तरतूद होती. त्याला अनेक राज्यांनी विरोध केला. केरळ, तामिळनाडू आणि पश्चिम बंगाल या राज्यांत हाच झगडा निराळ्या रूपांत चालू राहिला. या सर्व वादांत एक गोष्ट समान आहे: भांडण राज्यपाल आणि मंत्री यांच्यात आहे. विद्यापीठ त्यात पक्षकार नाही. ते वादाची वस्तू आहे.

आणि या भांडणाचा काळ विद्यापीठाने कसा काढायचा? २०२२ मध्ये पुणे आणि मुंबई या दोन्ही विद्यापीठांच्या कुलगुरूंची मुदत संपली. पुण्यात वर्षभराहून अधिक आणि मुंबईत सुमारे नऊ महिने कारभार प्रभारी कुलगुरूंकडे होता. नियमित नेमणुका जून २०२३ मध्ये झाल्या. मुंबईचा कार्यभार ज्यांच्याकडे होता ते त्याच वेळी कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठाचेही कुलगुरू होते. व्यक्ती कितीही कर्तबगार असली तरी चारशे किलोमीटर अंतरावरील दोन विद्यापीठांचा गाडा एकाच वेळी कसा हाकावा? प्रभारी माणूस दैनंदिन कागदांवर सह्या करतो. पाच वर्षांचा विचार करण्याचा अधिकार त्याला कोणी दिलेला नसतो.

अधिसभेची कथाही अशीच. मुंबई विद्यापीठाच्या पदवीधर गटाची निवडणूक ऑगस्ट २०२३ मध्ये जाहीर होऊन ऐनवेळी स्थगित झाली. ती अखेर सप्टेंबर २०२४ मध्ये झाली. मधल्या काळात अंदाजपत्रकावर प्रश्न विचारणारे निवडून आलेले प्रतिनिधी नव्हते. पण प्रतिनिधी असले तरी काय होते, हाही प्रश्न प्रामाणिकपणे विचारायला हवा. अधिसभेपुढे येणाऱ्या अंदाजपत्रकातला वेतनाचा भाग तिच्या हाती नाही, पदांचा निर्णय तिच्या हाती नाही, शुल्कवाढीला राजकीय मर्यादा आहेत. उरते ते भोजनगृह, वसतिगृह आणि गुणपत्रिकांच्या छपाईचे कंत्राट. ज्या सभेला मोठे निर्णय घेता येत नाहीत ती लहान गोष्टींवर मोठमोठ्याने भांडते. आपल्या अधिसभांच्या गदारोळाचे मूळ सदस्यांच्या स्वभावापेक्षा या अधिकारशून्यतेत अधिक आहे.

काही आक्षेप

यावर तीन आक्षेप घेतले जातील. पहिला असा की, राज्याची तिजोरी अगोदरच ओढग्रस्त आहे. विद्यापीठांना आणखी पैसा आणायचा कोठून? उच्च शिक्षणावरील एकूण खर्चात महाराष्ट्र राज्यांमध्ये पहिला असून हा खर्च ११ हजार कोटी रुपयांहून अधिक आहे, असे नीती आयोगाचाच अहवाल सांगतो. म्हणूनच माझा मुख्य मुद्दा रकमेविषयी नाही, तर ती देण्याच्या पद्धतीविषयी आहे. जो पैसा आज जातो तोच तीन वर्षांसाठी आधी जाहीर करून, ठरीव सूत्राने आणि खर्चाचे स्वातंत्र्य देऊन दिला तर त्यातून मिळणारे फळ वाढेल. मार्चअखेरीस घाईघाईने येणाऱ्या अनुदानातून फर्निचर घेता येते, ज्ञान नाही.

दुसरा आक्षेप असा की, शिक्षणाचा लाभ विद्यार्थ्याला होतो, तेव्हा खर्चही त्यानेच करावा. १९८३ साली आपण विनाअनुदानित अभियांत्रिकी व वैद्यकीय महाविद्यालयांना परवानगी दिली आणि पुढे नवी महाविद्यालये कायम विनाअनुदान तत्त्वावरच उघडू लागलो. या धोरणाने जागा वाढल्या हे नाकारण्यात अर्थ नाही. परंतु ज्या विषयांना बाजारात तत्काळ भाव नाही ते विषय त्याने वाळवून टाकले. मराठी, इतिहास, तत्त्वज्ञान, मूलभूत विज्ञान यांचे वर्ग विनाअनुदान तत्त्वावर चालत नाहीत आणि चालले तर तेथे शिकवणाऱ्याला वेतन मिळत नाही. सार्वजनिक विद्यापीठातील विद्यार्थी पुष्कळदा घरातला पहिलाच पदवीधर असतो. त्याच्याकडून पूर्ण खर्च वसूल करायचा झाला तर तो वर्गात येणारच नाही. शुल्क माफ करून शासनाने परतावा द्यायचा हा मार्ग आहे; २०२४-२५ पासून व्यावसायिक अभ्यासक्रमांतील पात्र मुलींसाठी राज्याने तो अधिक व्यापक केला आणि ते स्वागतार्ह आहे. अट एवढीच की, परतावा त्याच वर्षी मिळावा. तो रखडला तर सवलत शासनाच्या नावावर आणि कर्ज संस्थेच्या डोक्यावर अशी स्थिती होते.

तिसरा आक्षेप आम्हां प्राध्यापकांवर आहे आणि तो सर्वांत बोचरा आहे. स्वायत्तता दिली तर तुम्ही तिचे काय कराल? पूर्ण वेतन घेऊन वर्ग न घेणारे, पदोन्नतीसाठी विकत घेतलेल्या नियतकालिकांत लेख छापणारे शिक्षक आमच्यांत आहेत. नेमणुकीसाठी पैसे मागणारे संस्थाचालक आहेत आणि ते देणारे उमेदवारही आहेत. हे सारे खरे आहे. पण शासनाच्या नियंत्रणाने यांतले काय थांबले? दशकभर भरती बंद ठेवून मग एकदम जागा खुल्या केल्या म्हणजे उमेदवारांची झुंबड उडते आणि जागेचा ‘भाव’ वाढतो, हा मागणी-पुरवठ्याचा साधा नियम आहे. भरती दरवर्षी, ठरलेल्या महिन्यात, नियमितपणे झाली तर त्या बाजारातला अर्धा नफा आपोआप नाहीसा होईल.

करता येण्याजोगे

नव्या आयोगाची वा नव्या कायद्याची मागणी करणे सोपे असते. त्याऐवजी सध्याच्या चौकटीतच करता येतील अशा काही गोष्टी सुचवतो.

पहिली गोष्ट अनुदानाची. विद्यार्थिसंख्या, विषयाचा प्रत्यक्ष खर्च आणि प्रदेशाचे मागासलेपण या तीन घटकांवर आधारलेले सूत्र ठरवून विद्यापीठांना तीन वर्षांचे एकत्रित अनुदान द्यावे. सूत्र विधिमंडळात मांडावे, म्हणजे कोणत्या विद्यापीठाला किती हे मंत्री कोणत्या जिल्ह्याचा आहे यावर ठरणार नाही.

दुसरी गोष्ट पदांची. मंजूर पद निवृत्तीने रिकामे झाले की ते भरण्याची परवानगी मिळाली आहे असे मानावे; ज्याला ते भरायचे नसेल त्याने लेखी कारण द्यावे. आज परवानगी मागणाऱ्याला कारणे द्यावी लागतात. नाकारणाऱ्याला फक्त गप्प बसावे लागते. हे ओझे उलट बाजूस सरकवले तरी पुष्कळ फरक पडेल. निवड विद्यापीठाच्या पातळीवर, उमेदवारांचे गुण प्रसिद्ध करून व्हावी.

तिसरी गोष्ट परीक्षांची. परीक्षा शुल्काचा जमाखर्च स्वतंत्र ठेवून दरवर्षी प्रसिद्ध करावा. विद्यार्थ्याकडून परीक्षेसाठी घेतलेला पैसा परीक्षेवरच खर्च व्हावा आणि उरला तर शुल्क कमी व्हावे. विद्यापीठाचा इतर संसार परीक्षेच्या पैशावर चालतो तोवर परीक्षांची आणि महाविद्यालयांची संख्या कमी करण्यात कोणालाच रस असणार नाही.

चौथी गोष्ट वेळापत्रकाची. कुलगुरूंची मुदत संपण्यापूर्वी सहा महिने निवडप्रक्रिया सुरू झालीच पाहिजे आणि अधिसभेची निवडणूक मुदत संपण्यापूर्वी झालीच पाहिजे, अशी तरतूद असावी, आणि ती परिपत्रकाने स्थगित करता येऊ नये. राज्यपाल मोठे की मंत्री मोठे हा वाद त्यांनी खुशाल चालू ठेवावा. त्या काळात खुर्ची रिकामी राहता कामा नये. विद्यापीठाचे लेखापरीक्षित हिशेब दरवर्षी ठरल्या तारखेस अधिसभेपुढे आणि जनतेपुढे यावेत, हे त्याच्या जोडीला आलेच.

या सूचनांत क्रांतिकारक असे काही नाही, याची मला जाणीव आहे. परंतु यांतील प्रत्येक सूचनेने कोणाच्या तरी हातची एक किल्ली सुटते. मंत्रालयातील अधिकाऱ्याची, संस्थाचालकाची, विद्यापीठातील परीक्षा विभागाची आणि थोडीबहुत आम्हां शिक्षकांचीही. म्हणूनच त्या साध्या असूनही आजवर अमलात आल्या नाहीत. पैशाअभावी सुधारणा अडली आहे असे सांगितले जाते तेव्हा ती पुष्कळदा या किल्ल्यांपाशीच अडलेली असते.

ज्यांच्यापाशी पैसा आहे त्यांनी या प्रश्नाचे उत्तर शोधलेले आहे. त्यांची मुले खासगी विद्यापीठांत, केंद्रीय संस्थांत अथवा परदेशांत जातात. सार्वजनिक विद्यापीठाचे काय होते याची झळ त्यांना लागत नाही. म्हणूनच या ऱ्हासाचा आवाज मोठा होत नाही. झळ लागते ती ज्याला दुसरा पर्याय नाही त्या विद्यार्थ्याला. तो जव्हारचा असेल, जतचा असेल, अहेरीचा असेल. तीन वर्षे तो शुल्क भरतो, परीक्षा देतो आणि त्याच्या हाती पदवी पडते. त्या तीन वर्षांत त्याच्या विषयाला कायम शिक्षक होता की नाही, हे पदवीच्या कागदावर लिहिलेले नसते. नोकरीच्या मुलाखतीत मात्र ते पहिल्या पाच मिनिटांत कळते. त्या क्षणी त्याला वाटते की उणीव आपल्यात आहे. ती आपल्या अंदाजपत्रकात आणि आपल्या कारभारात होती, हे त्याला कोणी सांगत नाही. पुढील अंदाजपत्रक मांडणाऱ्यांना तरी ते सांगितले पाहिजे.